कण्याचं कौतुक पुरे, आता भिंतीचं बोला

२०२५च्या सप्टेंबरअखेरीस आमच्या देवळ्याहून परांड्याकडे एक पिकअप गाडी निघाली. गाडीत मक्याचा हिरवा चारा, चादरी, भांडी, पीठ आणि तीस-चाळीस गोण्या कांदा. कांदा उन्हाळ होता, भाव नाही म्हणून चाळीत पडून राहिलेला. त्यामुळे देणाऱ्यांचा हात जरा जास्तच सढळ होता, हेही सांगून टाकतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेच्या शेवटच्या ओळी. छापायला टाकण्याआधी पोरांनी मजकूर माझ्याकडे आणला, कारण मी गावातला मराठीचा निवृत्त मास्तर. मी दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त करून दिला आणि पोरांबरोबर गाडीत बसलो.

त्या फ्लेक्सवर दुरुस्त करण्यासारखं आणखी बरंच काही होतं, हे मला परत आल्यावर कळलं. म्हणून हे लिहितो आहे. यात पहिला आरोपी मीच आहे.

‘कणा’ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो, नदी घरात शिरली त्याची हकिगत सांगतो, सर पैसे काढायला जातात तेव्हा नको म्हणतो आणि त्याऐवजी धीराचा एक शब्द मागतो. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे आम्हा नाशिककरांना ती कविता घरचीच वाटते. मी तीस वर्षं ती वर्गात म्हटली. शेवटाला माझाही आवाज दाटून यायचा, आणि पोरं गप्प बसली की मला वाटायचं, आज तास चांगला झाला.

पण त्या कवितेत पैसे नाकारतो तो पूरग्रस्त. तो नकार त्याचा आहे, नकाराचा अधिकारही त्याचाच. सर मात्र काही न बोलता पैसे काढायला निघालेले आहेत, हे आपण सोयीस्कर विसरलो. सरांनी खिसा न चाचपताच त्याच्या पाठीवर हात ठेवून दिला असता, तर त्या प्रसंगाची कविता झाली नसती, चेष्टा झाली असती. आणि गेली वीस वर्षं आपण नेमकं तेच करत आलो आहोत. २००५ला महाड आणि मुंबई, २०१९ला कोल्हापूर-सांगली, २०२१ला चिपळूण, २०२५ला मराठवाडा आणि सोलापूर. पाणी चढत असतानाच मोबाइलवर ‘कणा’ फिरू लागते. पूरग्रस्ताने काही मागायच्या आधीच आपण त्याच्या वतीने पैसे नाकारून टाकतो.

२०१९च्या ऑगस्टमधलं आठवून पाहा. घर किंवा वस्ती दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ, अशा अटीचा शासन निर्णय तेव्हा गाजला होता. पाण्याने दीड दिवसात माघार घेतली तर चूल पेटती राहते, असं बहुधा मंत्रालयात कुणाला वाटलं असावं. मग धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदारांचे फोटो चिकटवल्याच्या बातम्या आल्या. आपण सगळ्यांनी त्यावर यथेच्छ टीका केली. आमच्या पिकअपच्या फ्लेक्सवर कवितेखाली कुणाकुणाचे फोटो होते, ते मी सांगत नाही.

तर परांडा. सीनेच्या काठच्या त्या तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं आणि वास सुरू झाला होता. सोयाबीन कुजल्याचा, जनावरं कुजल्याचा, भिजलेल्या ज्वारीचा. आम्ही कसमादेतली माणसं. गारपीट आम्हाला ठाऊक, अवकाळी ठाऊक, डाळिंबाचा मोहोर एका रात्रीत झडलेला ठाऊक. आमची कोलथी नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. पीक जातं ते आम्ही पाहिलेलं होतं. वावरच गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माती अशी नव्हतीच. खाली पिवळा मुरूम, मध्येच काळा दगड, आणि बांध कुठे होता ते सांगायला एक अर्धवट उपटलेली बाभळ. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात हे आपण भूगोलात शिकवतो. ती एका रात्रीत खालच्या गावाला निघून गेली होती.

तिथे एक बाई मुरमातून पाइपाचे तुकडे गोळा करत होती. मी सवयीने विचारलं, पंचनामा झाला का?

“झाला की. मालकाचा झाला.”

“म्हणजे?”

“वावर आमचं न्हाई सर. वाट्यानं केलतं. बी-बियाणं निम्मं आमचं, खत निम्मं आमचं, राबणं सगळं आमचं. पाणी आलं ते बी आमच्याच वाट्यावर.”

ती हसली. त्या कवितेतला विद्यार्थीही असाच हसत असणार, असं मला वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. समोर एका माणसाचं पूर्ण वर्ष बुडालेलं दिसत असताना मला कविता आठवत होती.

आता आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय ही चर्चा हुंदक्यावर संपते. ७ ऑक्टोबर २०२५ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाख रोजगार हमीच्या कामांतून. रक्कम पुरेशी की अपुरी यावर तेव्हा भरपूर भांडण झालं. ते भांडण योग्यच होतं, आणि त्याच खरिपापासून एक रुपयातला पीकविमा बंद होऊन स्थानिक आपत्तीचं संरक्षणही योजनेतून गेलं होतं, हे ध्यानात घेतलं तर आणखीच योग्य. पण त्या सगळ्या गदारोळात ‘हेक्टरी’ या शब्दाकडे कुणी पाहिलं नाही. हेक्टरी म्हणजे ज्याच्याकडे हेक्टर आहे त्याला. माझ्यासमोरच्या बाईच्या घरात पाणी शिरलं होतं, त्याची तातडीची मदत तिला मिळाली होती. सरकारने तिला अगदीच वाऱ्यावर सोडलं असं मी म्हणणार नाही. पण तिचं भांडवल, तिची मेहनत आणि तिचं येतं वर्ष ज्या वावरात होतं, त्याच्या पंचनाम्यात ती कुठेच नव्हती. कागदाच्या हिशेबाने तिच्या शेतात पूर आलेलाच नाही.

मालकाला शिव्या देऊन मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. तो सात एकरांचा धनी, त्याचीही माती गेलेली, आणि वाटेकऱ्याचं नाव कागदावर यायला तो धजत नाही कारण ‘कूळ लागेल’ ही भीती. कूळ कायद्याला पाऊणशे वर्षं झाली. ज्याच्या भल्यासाठी कायदा झाला, त्यालाच आज त्या कायद्याच्या धाकाने तोंडी करारावर राबावं लागतं. जमीन कसणारा एक आणि कागदावरचा शेतकरी दुसरा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तलाठ्यालाही ठाऊक असतं. फक्त शासन निर्णयाला ठाऊक नसतं. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तोही सातबाऱ्यालाच जोडलेला.

यावर आमच्याकडचे शेतकरी मित्र म्हणतात, “सर, पुरावा नको का? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल मी वाट्याने करत होतो.” मला या प्रश्नाची गंमत वाटते, आणि जरा रागही येतो. २०२३ साली कांद्याचे भाव पडले तेव्हा सरकारने लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. अट होती, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. तेव्हा उमराण्यापासून सटाण्यापर्यंत कसा आगडोंब उसळला होता! आमचा कांदा बाजार समितीत विकलाय, पावती आहे, अख्ख्या गावाने चाळीत पाहिलाय, मग त्या नोंदीचं काय घेऊन बसलात? बरोबरच होतं ते. अखेर नोंद नसलेल्यांसाठी गावपातळीवर पाहणी करून खात्री करायची सोय ठेवावी लागली. म्हणजे कागदात नाही पण गावाला माहीत आहे, हा पुरावा आम्ही स्वतःसाठी मान्य करून घेतला आहे. कांद्याला तो चालतो. वाटेकऱ्याच्या बाबतीत मात्र आम्हाला अचानक कागद पवित्र वाटू लागतो.

हे आजचं नाही. आपत्तीनंतर गाव उभं करायचं म्हटलं की आपण ते जसं होतं तसंच, उंच-सखल, पुन्हा उभं करतो. पुराच्या लेखात भूकंप आणतो आहे, पण याचा सर्वात उघडा दाखला किल्लारीचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या ५२ गावांचं पूर्ण स्थलांतर झालं. नवी गावं, नवे रस्ते, नवी घरं. देशभरातून आणि परदेशातूनही मदत आली. घरं किती मोठी द्यायची? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपाने रात्रीच्या अंधारात सगळ्यांना सारखंच गाडलं होतं. सकाळी सरकारने पुन्हा सातबारा हातात घेतला. घरात माणसं किती, मेली किती, उरली किती, याच्याशी चौरस फुटांचा संबंध नव्हता. अवजारं आणि धान्य ठेवायला मोठ्या शेतकऱ्याला जागा जास्त लागते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. भूमिहीनाला झोपायला जागा कमी लागते, असा त्याचा अर्थ होतो.

शहरातला पूरग्रस्त तरी सुटला का? १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. पुण्यातले पूरग्रस्त गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये आणि इतर वसाहतींत गेले. पुण्याच्या मध्यमवर्गाने त्या पुराच्या आठवणी किती लिहिल्या! खंडच्या खंड भरतील. आणि पूरग्रस्तांच्या सोसायट्यांना राहत्या जागेची मालकी मिळावी म्हणून पुढची कित्येक दशकं अर्ज-विनंत्या चालूच राहिल्या. पूर एका दिवसाचा होता, पूरग्रस्त असणं दोन-तीन पिढ्यांचं झालं. आठवणी लिहिणारे आणि अर्ज लिहिणारे वेगळे होते, एवढंच.

त्यामानाने चिपळूणकरांनी शहाणपणा दाखवला. जुलै २०२१मध्ये अर्ध्याहून अधिक शहर पाण्याखाली गेल्यावर त्यांनी स्वतःच्या जिद्दीचे गोडवे ऐकत बसण्याऐवजी त्या डिसेंबरात साखळी उपोषण केलं. मागणी काय, तर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. इतकी कवित्वहीन मागणी क्वचितच कुणी केली असेल. पण त्यामुळे गाळ निघायला लागला. २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत ज्यांच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं भिजली, त्या गावाला नदीच्या तळाशी काय साचलंय ते कळणं भागच होतं.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी परांड्याहून देवळ्याला परत यावं लागेल. आमच्या घरात १९७२ हे साल तारखेसारखं वापरलं जातं. “बहात्तरच्या आधी”, “बहात्तरनंतर”. माझी आजी खडी फोडायला जायची. आईही. पाझर तलावाच्या पाळीवर मातीच्या पाट्या वाहिल्या, सुकडी खाल्ली, आठवड्याला पगार घेतला. आजी शेवटपर्यंत सुकडीच्या नावाने नाक मुरडायची, पण “आयतं नाही खाल्लं, मस्टरवर आंगठा होता माझा” असं म्हणताना तिचा आवाज वेगळा व्हायचा. त्या मस्टरवर नाव घालताना तिला कुणी सातबारा मागितला नव्हता. आमच्या नावावर तेव्हा दीड एकर पड होती. शेजारच्या घराकडे तेवढीही नव्हती. दोघींची पाटी सारखीच होती आणि मजुरीही. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात अशी जवळपास ५० लाख माणसं कामांवर होती. त्यात बायकांचा भरणा मोठा होता.

त्या दुष्काळातून पुढे काय निघालं? वि. स. पाग्यांनी आधीपासून मांडलेल्या कल्पनेला बळ मिळालं आणि रोजगार हमीचा कायदा निघाला. १९७७चा कायदा, २६ जानेवारी १९७९पासून लागू. काम मागायचा हक्क. त्याला पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मी नोकरीभर तो भरला. शेवटची अनेक वर्षं महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पगारपत्रकावर ती कपात बघून स्टाफरूममध्ये कुरकुर व्हायची. पण नीट पाहिलं तर माझ्या आयुष्यात मी आपत्तीग्रस्ताला दिलेली सर्वात स्वच्छ मदत तीच. तिच्यावर फ्लेक्स नव्हता. घेणाऱ्याला माझं तोंड पाहावं लागलं नाही, हात जोडावे लागले नाहीत, माझ्या पिकअपजवळ रांगेत उभं राहून फोटो काढू द्यावा लागला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुष्काळातून महाराष्ट्राने एक हक्क कमावला. पुरातून मात्र आपण पॅकेज आणि कविता यांच्यापलीकडे काहीच कमावलेलं नाही. दुष्काळ सावकाश येतो, मोर्चे काढायला वेळ देतो, विधिमंडळात दोन अधिवेशनं चालतो. पूर तीन दिवसांत टीव्हीवरून ओसरतो. पण याला आणखी एक कारण आहे आणि ते आमच्यासारख्या लिहित्या-वाचत्यांचं पाप आहे. दुष्काळाचं आपण राजकारण केलं, पुराची आपण भावना केली.

गाव सावरतं म्हणजे काय होतं, हे पूर गेल्यानंतरच्या महिन्यांत कळतं. दुकान उघडलं, शाळा भरली, मोसंबीची नवी रोपं लावली, की बातमी येते, गाव पुन्हा उभं राहिलं. कोण कोण गावात उरलं आहे हे त्या बातमीत नसतं. खरडलेल्या जमिनीसाठीचे ते ३ लाख रोजगार हमीतून द्यायचं ठरलं, हे कागदावर मला पटण्यासारखं होतं. एक हेक्टर जमिनीवर गाळमाती आणून बांध घालायचा, तर त्यात भूमिहीनालाही काम मिळावं. महाराष्ट्रात या कामाचा दिवसाचा दर २०२५-२६मध्ये ३१२ रुपये होता. चाळीस-पन्नास दिवसांची मजुरी म्हणजे त्या बाईच्या घरात पंधरा हजार. पण त्यासाठी मस्टर ऑक्टोबरात उघडायला हवं, जेव्हा घरात दाणा नसतो. माती मोजणार कोण, अंदाजपत्रक करणार कोण, मंजुरी देणार कोण, हे ठरेपर्यंत हातावर पोट असलेला माणूस थांबत नाही. आणि ज्याच्याकडे चार पैसे असतात तो जेसीबी लावून दिवाळीच्या आधी रान सरळ करून घेतो, कारण त्याला रब्बी गाठायची असते. त्याचंही चूक नाही.

म्हणून मागणी साधी करायला हवी. पूर आला की पंधरा दिवसांच्या आत गावात मस्टर उघडलंच पाहिजे. कुणी मागणी करायची वाट न पाहता. गाळ काढणं, स्वतःचीच पडलेली भिंत बांधणं, मेलेली जनावरं पुरणं, विहीर उपसणं ही सगळी कामं त्यावर आली पाहिजेत. पूरग्रस्त हे काम करतच असतो, फुकट करतो, आणि आपण त्याला जिद्द म्हणतो. दुसरं, पंचनाम्याच्या तक्त्यात ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना हवा. तो ग्रामसभेत सर्वांसमोर वाचून भरायचा, आणि त्या नोंदीने कूळ लागणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहून टाकायचं, म्हणजे मालकाची छाती धडधडणार नाही. मदत दोघांत वाटली जावी, वाटा पिकात जसा ठरला असेल तसा.

“अशाने लोक आळशी होतात” असं म्हणणारे आहेत. त्यातले बरेच पेन्शनर आहेत, माझ्यासारखे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पहिल्या तारखेला बँकेत भेटतो.

“आणि माणुसकीचं काय? लोकांनी मदत करूच नये का?” हा प्रश्न मला आमच्या पिकअपमधल्याच एका पोराने विचारला, जरा दुखावून. करावी की. त्या रात्री चारा पोचला म्हणून काही गाई वाचल्या. तो पोरगा दोन दिवस झोपला नव्हता, त्याच्याविषयी माझ्या मनात प्रेमच आहे. पण एका तालुक्याची दया दुसऱ्या तालुक्यापर्यंत पोचेल की नाही, हे आमच्या चाळीत कांदा पडून आहे की विकला गेलाय, यावर ठरावं का? त्या वर्षी कांद्याला तीन हजारांचा भाव असता तर गाडीत किती गोण्या चढल्या असत्या?

त्या बाईचा फोन नंबर मी घेऊन ठेवला होता. पुस्तकं पाठवतो म्हणालो होतो, तिच्या मुलीसाठी. मुलगी आठवीत. जानेवारीत फोन लावला. सासूने उचलला.

“गेले की समदे कारखान्यावर. दिवाळी झाली की गेले. उचल घेतली व्हती ना.”

उचल म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती फेडेपर्यंत परतायचं नाही. मुलीचं विचारलं, तर तीही सोबत गेली होती. घरी धाकट्याला आणि जनावराला बघायला म्हातारी एकटी.

“आणि वावर?”

“वावर केलं की मालकानं नीट. मशिनी आणल्या व्हत्या. हरभरा पेरलाय. चांगला हाय.”

पुस्तकं कुठे पाठवू म्हणून विचारलं. तिला पत्ता सांगता आला नाही. कारखाना कर्नाटकात आहे, एवढंच तिला माहीत होतं.